पुण्यातले तीन दिवस : बागा, पुतळे आणि आण्णांचा फुटलेला चष्मा

पहिला दिवस, शुक्रवार

कराडहून सकाळची एसटी धरली, मी आणि आण्णा दोघंच. आण्णा म्हणजे माझे वडील, हायस्कूलला चित्रकलेचे सर होते, रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी घराबाहेर पडले की खांद्याला शबनम आणि तिच्यात स्केचबुक, दोन पेन्सिली, खोडरबर हे असणारच. दादा पुण्यात कोथरूडला असतो, कधीपासनं या या म्हणत होता, डिसेंबरची थंडी पण मस्त पडलेली म्हणून हाच शनिवार-रविवार धरला. आण्णांनी निघतानाच बजावलं होतं, मला मॉलबिल काही दाखवू नका, मला बागा बघायच्यात आणि दगडातलं काम बघायचंय, बास.

आण्णांची एक सवय आधी सांगते म्हणजे पुढचं सगळं कळेल. ते कुठलाही पुतळा आधी मागून बघतात. शाळेतल्या पोरांना पण तेच सांगायचे, समोरची बाजू सगळेच नीट करतात रे, मूर्तिकार कळतो तो पाठीवर, जिथं कोण बघणार नाही तिथं त्यानं किती जीव ओतलाय ते बघायचं. आम्ही भावंडं लहान असताना कुठल्याही गावातल्या चौकात गेलो की आधी पुतळ्याला फेरी आणि मगच पुढं. त्यामुळं मला पण ती सवय लागलीय, देवळात गेले तरी मी आधी मागची भिंत बघते.

खंबाटकी, शिरवळ करत अकराच्या पुढं स्वारगेटला उतरलो. दादाला ऑफिसातनं निघायला वेळ होता, म्हणलं तोवर सारसबागेत जाऊन बसू, जवळच तर आहे. ऊन होतं पण लागत नव्हतं. पूर्वी इथं बाग नव्हती, तळं होतं. पर्वतीच्या पायथ्याला नानासाहेब पेशव्यांनी ते तळं करून घेतलं आणि मधे बेट ठेवलं, त्या बेटावर गणपती, म्हणून हा तळ्यातला गणपती. आता तळं नाही, हिरवळ आहे, पण देवळाच्या पायऱ्या चढताना खाली चारी बाजूला बघितलं की पाणी कुठवर असेल ते डोळ्यासमोर येतं. मूर्ती लहानशी, पांढरी शुभ्र. आणि थंडीचे दिवस म्हणून बाप्पाला स्वेटर आणि कानटोपी घातलेली. पुण्याच्या लोकांना ह्याचं काही वाटत नसेल, दरवर्षीचंच आहे त्यांना, पण मी पहिल्यांदाच बघितलं आणि मला खरंच भरून आलं. आपल्याला थंडी वाजते तर त्याला पण वाजत असेल, इतकं साधं. माझ्या शेजारी एक आजी उभ्या होत्या, त्या हात जोडून देवालाच विचारत होत्या, उबदार आहे ना रे बाळा.

तिथनं खाली उतरताना चप्पल घालायला आण्णा वाकले आणि चष्मा घसरून फरशीवर पडला, कुणाचा तरी पाय पडला त्याच्यावर, त्या माणसाला कळलंही नाही. एक काच गेली, दुसरीला तडा. आण्णांचा लांबचा नंबर मोठा आहे, जवळचं वाचायला दुसरा चष्मा शबनममधे होता पण लांबचं सगळं धुरकट. काही बोलले नाहीत, फुटलेला चष्मा रुमालात गुंडाळून ठेवला आणि म्हणाले चल भेळ खाऊ. भेळ खाताना मात्र समोर पर्वतीकडं बघत बसले होते. एरवी १०३ पायऱ्या चढायचा हट्ट धरला असता, आज नाही धरला.

संध्याकाळी दादानं कोथरूडमधल्या चष्मेवाल्याकडं नेलं, नंबरच्या काचा मागवाव्या लागणार, रविवारी पाच वाजता मिळेल म्हणाला. म्हणजे सगळी ट्रिप होऊन गेल्यावर. मला इतकं वाईट वाटलं. माणूस बघायला आलाय आणि बघायचंच साधन गेलं. रात्री जेवताना मी म्हणलं की आपण सोमवारी थांबू, तर दादाची मुलगी स्वरा, चौथीत आहे, ती म्हणाली आजोबा मी बघीन आणि तुम्हाला सांगीन. आण्णा म्हणाले नीट सांगशील का, ती म्हणाली हो. मग ठरलं.

दुसरा दिवस, शनिवार

आयडियल कॉलनीवरनं मेट्रो पकडली. आण्णा पहिल्यांदाच मेट्रोत बसले. डेक्कनच्या पुढं गाडी नदीवरनं जाते आणि तिथल्या स्टेशनांची छपरं पगडीसारखी केलीत, ते स्वरानं खिडकीला नाक लावून आजोबांना सांगितलं. आण्णा म्हणाले पगडीसारखं म्हणजे नक्की कसं, पुढचं टोक कसं आहे, वळ कुठनं कुठं गेलाय. पोरगी विचारात पडली, नुसतं पगडीसारखं म्हणून सुटका नाही हे तिला तिथंच कळलं. येताना परत बघून सांगते म्हणाली.

कल्याणीनगरला उतरलो, तिथनं आगाखान पॅलेस जवळ आहे, नगर रोडलाच. पंचवीस रुपये तिकीट, लहान मुलांना नाही. आत गेलं की रस्त्याचा आवाज एकदम कमी होतो, मोठमोठी झाडं, भरपूर हिरवळ आणि मधे ती कमानींची पांढरी इमारत. तिसरे आगाखान सुलतान महंमद शहा यांनी १८९२ साली हा बांधला. आजूबाजूच्या गावात दुष्काळ होता, लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून बांधकाम काढलं असं सांगतात. मला हे आधी माहीत नव्हतं. आपल्याकडं राजवाडा म्हणलं की ऐश आठवते, पण ह्या कमानींचा दगड न् दगड कुणीतरी पोटासाठी वाहिलाय, घरी संध्याकाळी भाकरी शिजावी म्हणून.

दर्शनी बाजूला भरपूर गर्दी, कुणाचं प्री-वेडिंगसारखं ड्रेस घालून फोटो काढणं चाललेलं, कॉलेजची पोरं, एक शाळेची सहल. सगळे कमानींच्या समोर. आण्णा नेहमीसारखं म्हणाले आधी मागं जाऊ. दादा म्हणाला मागं समाध्या आहेत, पण आधी आतलं म्युझियम बघू, मग जाऊ, नायतर संदर्भ लागायचा नाही. ते पटलं.

संदर्भ थोडक्यात सांगते. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गोवालिया टँकवर 'करा किंवा मरा'चं भाषण झालं, ९ तारखेला पहाटे गांधीजींना पकडलं आणि इथं आणून ठेवलं. त्याच दिवशी शिवाजी पार्कवरच्या सभेत गांधीजींच्या जागी कस्तुरबा बोलणार होत्या, म्हणून त्यांनाही पकडलं. महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, मीराबेन, नंतर प्यारेलाल, डॉक्टर सुशीला नय्यर असे सगळे इथंच. ६ मे १९४४ पर्यंत, म्हणजे पावणेदोन वर्षं. १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी २१ दिवसांचा उपवास केला तो पण ह्याच घरात.

बापूंची खोली दारातनंच बघायची. स्वरानं सांगायला सुरुवात केली, आजोबा गादी आहे, बसून लिहायचं डेस्क आहे. आण्णा म्हणाले खोलीत किती मोकळी जागा आहे? ती म्हणाली खूप. आण्णा म्हणाले मग ती पण सांग की, सामान किती आहे त्यापेक्षा जागा किती मोकळी आहे त्याच्यावरनं माणूस कळतो. मी इतक्या वेळा म्युझियम बघितलीत, मोकळी जागा बघायची असते हे मला कधी सुचलं नव्हतं.

आत बापू आणि बांचा पुतळा आहे. तिथं मात्र स्वरा आधी मागं गेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, दादाचंच बघून शिकली असणार. मागनं येऊन म्हणाली आजोबा, बांच्या डोक्यावरनं पदर आहे आणि पाठीवर पदराच्या चुण्या नीट केल्यात. आण्णा म्हणाले चुण्या कुठनं पडतात? खांद्यावरनं, ती म्हणाली. बरोबर, म्हणाले, खांदा आत असतो म्हणून बाहेर चुणी पडते, ज्याला खांदा करता आला त्यालाच चुणी करता येते. मग तिनं स्वतःच्या ओढणीचं टोक खांद्यावर टाकून मान वळवून वळवून मागं बघितलं. सहलीतल्या दोन मुली पण थांबून तिच्यासारखंच करायला लागल्या.

मग मागं गेलो. आणि मला मनापासनं सांगायचंय ते हे की, बाबांनो, आगाखान पॅलेसला जाल तर मागं जा. आम्ही गेलो तेव्हा पुढं दोन-तीनशे माणसं असतील आणि मागं आम्ही पाचजण नि एक म्हातारं जोडपं. झाडांच्या सावलीतनं वाट जाते. शेवटी एक साधं आवार आहे, चार्ल्स कोरिया यांनी त्याचं डिझाईन केलंय, काही डोळ्यात भरणारं नाही, मुद्दामच केलं नसणार. पांढऱ्या दगडात दोन समाध्या, शेजारी शेजारी, एक महादेवभाईंची आणि एक बांची. गांधीजींच्या थोड्या अस्थी पण इथं आहेत.

महादेवभाई १५ ऑगस्ट १९४२ ला गेले. इथं आणल्याला आठवडा पण झाला नव्हता, हार्ट अटॅक, वय पन्नास. पंचवीस वर्षं त्यांनी गांधीजींचं सगळं लिहिणं, पत्रं, डायरी सांभाळली होती. गांधीजी त्यांना हाका मारत राहिले, महादेव महादेव करून, त्यांना वाटत होतं एकदा डोळे उघडून माझ्याकडं बघितलं तर उठेल. मग स्वतःच्या हातानं आंघोळ घातली आणि अग्नीही स्वतःच दिला. मुलासारखा माणूस. बरोबर पाच वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला, हे मी तिथं उभी राहून बोटावर मोजलं आणि अंगावर काटा आला. त्यानंतर सुटका होईपर्यंत गांधीजी रोज ह्या जागेवर फुलं घेऊन यायचे.

आणि बा. २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्र होती, संध्याकाळी त्या गेल्या. आजारपण लांबलेलं, शेवटी शेवटी मुलगा देवदास यांनी पेनिसिलिन मागवलं होतं, तेव्हा ते औषध नवीनच होतं, पण आता तिला सुया टोचून त्रास नको म्हणून गांधीजींनी नको म्हणलं. त्यांनी स्वतः कातलेल्या सुताची साडी बांना नेसवली होती. चिता पेटल्यावर लोक म्हणत होते आता आत जाऊन टेका, तर ते उठले नाहीत, ६२ वर्षांची सोबत आहे, आता शेवटी कसा सोडून जाऊ असं काहीतरी म्हणाले आणि शेवटपर्यंत बसून राहिले. पंचाहत्तरीच्या घरातला माणूस, उपवासानं थकलेला, बायको कैदेतच गेलेली आणि सरणही कैदेच्याच आवारात.

आम्हाला शाळेत बांच्याबद्दल किती शिकवलं? मला दोन ओळींच्या वर आठवत नाही. आई असती तर म्हणाली असती बायकांचं कोण लिहितं. आई जाऊन चार वर्षं झाली. आण्णा समाधीजवळ खाली बसले, जवळचा चष्मा लावला आणि दगडावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिले. आम्ही कुणी काही बोललो नाही. मला वाटलं त्यांच्या मनात आईच असणार, कारण आईच्या आजारपणात पण असंच झालं होतं, डॉक्टर अजून एक इंजेक्शन बघू म्हणत होते आणि आण्णांनी नको म्हणलं होतं, त्यावरनं मी तेव्हा त्यांच्याशी महिनाभर नीट बोलले नव्हते. चार वर्षांत हा विषय घरात निघाला नाही. तिथनं उठताना त्यांनी हात पुढं केला, मी धरला, तेवढंच. पण माझ्या मनातनं काहीतरी निघून गेलं हे नक्की.

स्वरा गप्प होती. जरा वेळानं हळूच म्हणाली, आजोबा, इथं मागची बाजू कुठली? आण्णा म्हणाले, इथं सगळंच मागं आहे बाळा.

१९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, चौथ्या आगाखानांनी ही सगळी वास्तू देशाला देऊन टाकली, आणि आता ती राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक आहे.

बाहेर येऊन झाडाखाली वहिनीनं दिलेले धपाटे आणि दही खाल्लं, आणि रिक्षानं बंडगार्डनच्या पुलाकडं. ह्याचं जुनं नाव फिट्झगेराल्ड ब्रिज, मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर होते त्यांच्या नावावरनं. १८६७ चा पूल आहे, दगडी कमानी, आता मोठी वर्दळ बाजूच्या नव्या पुलावरनं जाते. खाली मुळा-मुठा. त्या नदीवर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतनं बंधारा झाला होता, बंड म्हणजे बंधारा, म्हणून बंडगार्डन. मी इतकी वर्षं समजत होते की इथं कधीतरी कुणीतरी बंड केलं असणार! तिथल्या बागेचं नाव आता महात्मा गांधी उद्यान आहे, म्हणजे सकाळपासनं एकाच माणसाच्या सोबत फिरलो म्हणायचं.

पुलाच्या टोकांना सिंह आहेत. स्वरा पळतच गेली. आजोबा सिंह उभा आहे, चालल्यासारखा, तोंड वळवलंय, एक पाय बॉलवर ठेवलाय. आण्णा एकदम उभे राहिले, म्हणाले गोल चेंडू? पुढचा पंजा? अगं मग हा मेडिची सिंह. मग सांगायला लागले की इटलीत मेडिची म्हणून मोठं सरदार घराणं होतं, त्यांच्या रोममधल्या वाड्यासाठी सिंहांची जोडी होती, त्यातला एक जुन्या रोमन काळातला आणि दुसरा जोडीला म्हणून सोळाव्या शतकात नवीन घडवला, आता ती जोडी फ्लोरेन्सला आहे, आणि त्याची नक्कल जगभर झाली. पुस्तकात चित्र बघून आम्ही आर्ट टीचर डिप्लोमाला ह्याच्यावर टिपणं काढली होती आणि हा इथं पुण्यात नदीवर उभा आहे होय! आण्णांचा आवाज चढलेला. कराडहून पुण्याला आयुष्यात पन्नास वेळा आले असतील, पण ह्या पुलावर चालत कधी आलेच नव्हते.

मग दोघं सिंहाच्या मागं गेले. स्वरानं शेपटी कशी आहे, मांडीचे स्नायू कुठं ताणलेत, आयाळीच्या बटा कुठवर येतात ते सांगितलं आणि आण्णांनी तिच्या सांगण्यावरनं स्केचबुकात काढायला घेतलं. जवळचा चष्मा लावून कागदाकडं बघायचं, आणि सिंह तिच्या तोंडून ऐकायचा. मधेच ती म्हणायची नाही आजोबा, मांडी इतकी बारीक नाहीये, जाड करा. अर्धा-पाऊण तास चाललं होतं. उन्हं उतरली, नदीकडनं गार वारा यायला लागला. नदीचा वास येत होता तो मात्र चांगला नव्हता, जलपर्णी पण साचलेली, दीडशे वर्षांची दगडी कमान आणि खाली हे असं पाणी, बघून जीव तुटतो. हा पूल जपलाय तशी नदी पण जपायला पाहिजे, माझं तरी स्पष्ट मत आहे.

येताना मेट्रोत स्वरानं पगडी नीट बघितली आणि घरी जाऊन काढून दाखवली.

तिसरा दिवस, रविवार

सकाळी लवकर जंगली महाराज रोडला. पाताळेश्वर. रस्त्यावर एवढी दुकानं, एवढ्या गाड्या, आणि दहा पावलं आत गेलं की मोठी झाडं आणि जमिनीच्या खाली उतरत गेलेलं दगडातलं देऊळ. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं. बांधलेलं नाही, कोरलेलं. सांधा कुठं नाही. अंगणात नंदीचा मंडप आहे तो गोल, छत्रीसारखं दगडी छप्पर आणि खाली चौकोनी खांब, तेही सगळं त्याच कातळातनं सोडवून ठेवलेलं. आण्णा म्हणाले मातीच्या मूर्तीत चुकलं तर थोडी माती लावता येते, इथं एक टपका जास्त उडाला की गेलं, परत लावायचं नाही, म्हणून आधी डोक्यात पूर्ण देऊळ तयार पाहिजे आणि मग छिन्नी उचलायची.

काम अर्धवट राहिलंय, ते बघितलं की कळतं. आत भिंतीवर अंधारात आण्णांनी हात फिरवला आणि मग माझा हात धरून ठेवला तिथं. बारीक बारीक खड्डे, तिरके, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जाणारे, छिन्नीचे घाव. गार दगड. बाराशे वर्षांपूर्वी कुणीतरी इथं उभं राहून हातोडा मारलाय आणि तो घाव अजून बोटाला लागतो. इथं चष्म्याची गरजच नव्हती. आण्णांनी सगळ्या खांबांना हात लावून बघितलं, स्वरानं पण. शेजारीच जंगली महाराजांचं समाधीमंदिर आहे, तिथं भजन चाललं होतं, दहा मिनिटं टेकलो, मग बाहेर पोहे नि चहा.

तिथनं शिवाजीनगरला, श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा. वेळ कमी होता, पण आण्णांना हा चुकवायचाच नव्हता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ह्याचं मनावर घेतलं, १९२१ ला पायाभरणी झाली, महाराज १९२२ ला गेले, पुतळा उभा राहिला १९२८ साली. घडवला विनायक पांडुरंग करमरकरांनी, अलिबागजवळच्या सासवण्याचे. एवढा मोठा ब्राँझचा पुतळा एकसंध ओतलेला. सासवण्याला करमरकरांच्या घरातच त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे, आण्णा एकदा शाळेची सहल घेऊन गेले होते, तिथं सिमेंटमधल्या कोळणी, म्हशी बघून पोरं हात लावून बघत होती खऱ्या आहेत का म्हणून. आण्णा पुतळ्याच्या मागं जाऊन उभे राहिले, धुरकट का होईना, त्यांना आकार दिसत होता. म्हणाले नजर नसली तरी तोल दिसतो, घोड्याचं वजन आणि वरच्या माणसाचं वजन एकाच ठिकाणी येतंय.

मग शनिवारवाडा. रविवार असल्यामुळं तुफान गर्दी. समोर बाजीरावांचा घोड्यावरचा पुतळा, त्याला पण फेरी झालीच. ह्याच बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला वाड्याची पायाभरणी केली, वार शनिवार, दोन वर्षांनी २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत, तो पण शनिवार. खर्च १६,११० रुपये. दिल्ली दरवाजाच्या एका फळीवरचे खिळे स्वरानं मोजले, आडवे आठ, उभे नऊ, नव्वे आठे बहात्तर आजोबा! हत्तीनं डोकं लावू नये म्हणून ते एवढे लांब टोकदार खिळे. दारातनं आत शिरताना भिंतीवर जुन्या चित्रांचे अवशेष आहेत, गणपती, शेषशायी विष्णू, रंग उडालेत पण रेषा आहेत. लोक तिथं थांबत नाहीत, सरळ आत हिरवळीवर पळतात. आम्ही थांबलो.

आत काय आहे? बाग आहे आणि जोती आहेत. १८२८ च्या आगीत सात दिवस वाडा जळत होता, सगळं लाकूडकाम गेलं. आता जोत्यांच्या मधे हिरवळ, कडेनं फुलझाडं, पोरं खेळतात, जोडपी बसतात. सवाई माधवराव तान्हे असताना त्यांना रमवायला केलेलं हजारी कारंजं, सोळा पाकळ्यांचं कमळ, त्याच्या कडेला आम्ही पण बसलो. आणि इथंच १७७३ ला नारायणरावांचा खून झाला. स्वराला दादानं 'काका मला वाचवा' सांगितलं आणि ती एकदम आजोबांना चिकटून बसली. मला विचाराल तर त्या भुताच्या गोष्टींपेक्षा ही जोती जास्त बोलतात. कुठल्या चौकात कोण बसत असेल, स्वैपाकघर कुठं असेल, पाणी कुठनं येत असेल, हे जोत्यांवरनं चालताना पायाला कळतं. फक्त वेळ काढून चालायला पाहिजे.

पाच वाजता चष्मा मिळाला. आण्णांनी तो घालून आधी स्वराकडं बघितलं, मग स्केचबुक काढून कालचा सिंह बघितला. वहिनीनं मोबाईलवर मी काढलेला सिंहाचा फोटो शेजारी धरला. शेपटी जरा वर गेली होती, बाकी मांडी, आयाळ, पंजा, चेंडू, सगळं जागच्या जागी. आण्णांनी चित्राखाली तारीख घातली आणि सही करायला पेन्सिल स्वराच्या हातात दिली. तिनं आधी स्वतःचं नाव लिहिलं, मग खाली आजोबांचं.

साडेसहाला स्वारगेटला आलो. एसटी लागायची होती, आण्णांनी शबनममधनं छोटी डायरी काढली आणि दादाला विचारलं, महाशिवरात्र कधी आहे रे यंदा, वार कुठला येतोय. दादानं मोबाईलमधे बघून सांगितलं. आण्णांनी लिहून घेतलं. मला म्हणाले, तू रजा टाकून ठेव, आपण दोघंच येऊ, सकाळी लवकर, आणि येताना अंगणातली तगर घेऊन येऊ, तुझ्या आईनं लावलेली आहे, ती फुलं घालू बांना.

घरी आल्यावर पुढच्या शुक्रवारीच मी तिकिटं काढलीत.